शेंदरी खांब

ती केस मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात मी चारठाण्याच्या बाजूला फौजदार होतो. तिथून पिण्याच्या पाण्याची लोखंडी पाइपलाइन जायची. जमिनीखाली ती किती गंजली हे कळावं म्हणून पाइपाला कायमची यंत्रं बसवली होती आणि त्यांच्या तारा वर, खांबावरच्या डब्यात आणल्या होत्या. इंजिनिअर येऊन तिथं काटा बघायचे.

एका खांबावरचा काटा भलतंच दाखवू लागला. डब्यात पाणी, तारा खराब. "पाइप कधी फुटेल, सांगता येत नाही," म्हणत इंजिनिअरांनी फिर्याद दिली. त्यातच गावच्या पोलीस पाटलांनी खबर दिली, "साहेब, लाइनीचा चौकीदारच डब्याशी काईतरी करायलाय." मी त्याला ठाण्यात आणून बसवलं.

चौकीदार पन्नाशीचा, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातला. मी दरडावलं, चहा पाजला, पुन्हा दरडावलं. एकच उत्तर, "म्या हात लावला न्हाई, साहेब." मग कोणी लावला, म्हटलं की मान खाली. बाहेर त्याची बायको रडत बसलेली. नोकरी जाणार, कोठडी पक्की, तरी हा बोलेना. मलाच धास्ती वाटू लागली. चोर असता तर एव्हाना दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेऊन मोकळा झाला असता.

सकाळी साध्या कपड्यांत खांबापाशी गेलो. गंज चढू नये म्हणून खात्यानं खांबाला नि डब्याला शेंदरी रंग दिला होता. लोकांनी त्याचा म्हसोबा केलेला! बायका तांब्याभर पाणी डब्यावर ओतत, वर तेल, आणि नारळही डब्यावरच फोडत. सगळ्यांत पुढे पाटलांच्या घरची मंडळी.

परतून चौकीदाराला विचारलं, "आधी का नाही बोललास?"

"आमी देव सोडलेले लोक, साहेब. बायांला अडवलं तर म्हणतील, यानं देव बाटवला. लेकरं घेऊन कुठं जाऊ? त्यापरीस तुमची कोठडी लय बरी."

त्याला तिथंच सोडला. खात्याकडून काळा रंग मागवला आणि वर्दीतच, पाटलांसमोर, खांब रंगवायला घेतला. सगळा गाव जमला, पण वर्दी बघून बायका भरले तांबे घेऊन माघारी वळल्या. पुढे तारा बदलल्यावर काटा खरं बोलू लागला. पाइप तिथंच पोखरला होता. तो तुकडा वेळेत बदलला.

गप्प बसणारा संशयित समोर आला की त्यानंतर मी आधी विचारायचो, "कोणाला भितोस?" हे शिकलो ते त्याच खांबापाशी. रंगवताना मी चौकीदाराला म्हणालो, "जरा डबा धर रे." मी भर वर्दीत शेजारी उभा, तरी तो हात मागे घेऊन दोन पावलं सरकला.