पिल्लू उठेपर्यंत

काल तात्यांचं घोंगडं उन्हात टाकलं आणि त्या लोकरी वासानं मला तीस वर्षं मागं, वरकुटे गावातल्या घराच्या ओट्यावर नेऊन बसवलं. मी आजोबांना, म्हणजे तात्यांना, सर्कशीची कादंबरी वाचून दाखवत होते. हत्तीचं पिल्लू आजारी पडलं, तरी मालकानं तंबू उतरवायला सांगितले. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले तात्या ताडकन उठून बसले.

"पिल्लू उभं राहिल्याबिगर तळ हलवायचा न्हाय!"

"तात्या, पुस्तकातच तसं लिहिलंय."

"लिहू दे. तू पान उलटू नगं."

मी हसत पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "उठलं का गं?"

आता लेकीला वाचून दाखवताना त्या पानाशी मीच थांबते.

"आई, पुढं काय?"

"थांब. पिल्लू उठू दे."