करडईच्या तेलाचा साबण

लातूरला आमच्या शेजारच्या काकू घरीच साबण करतात. तेल निवडताना त्या डोळे मिटून, झोपेत बोलल्यासारख्या हळू बोलतात. "खोबरेल फेसाला. एरंडेल थोडंच, न्हाई तर वडी चिकट व्हती."

माझी आई सगळं विसरत चालली होती. बाजारच्या साबणानं अंगाची आग होते म्हणून अंघोळीला रडायची. काकूंनी तिच्या मनगटावर एकेक तेल चोळलं आणि तिचा चेहरा बघत राहिल्या. करडईच्या तेलाला आई मनगट हुंगत म्हणाली, "आमच्या रानातलं हाय."

"मग हेच जास्ती घालू. अत्तर नको, रंग नको," काकू म्हणाल्या.

साबण मुरल्यावर पहिल्या अंघोळीला आई रडली नाही. ओंजळीतला फेस बघत बसली. मी पाणी ओतणार, तोच म्हणाली, "थांब की गं, करडई फुलावर आलीय."

साबण कसा लागतो ते बघायला दारात उभ्या राहिलेल्या काकूंनी पुढे होऊन माझ्या हातातला तांब्या धरला. "बघू द्या त्यांना," म्हणाल्या.