बाकी सब तसंच आहे

आमच्या घरी सकाळी पेपर वाचायची यांची एक ठरलेली पद्धत होती. मथळा खणखणीत आवाजात, पुढच्या दोन ओळी घाईघाईने, आणि मग, "बाकी सब तसंच आहे." अग्रलेख असो, चोरीची बातमी असो, नाहीतर नवेगाव बांधच्या तलावावर उतरलेल्या पक्ष्यांची असो, यांच्या हिशेबी तिसऱ्या ओळीपासून पुढे सगळं तसंच असायचं. फक्त धानाचा भाव मात्र शेवटच्या पैशापर्यंत वाचून व्हायचा.

मी तिरोड्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची. डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आणि नजर कडेकडेने गेली. आधी फळ्याचे कोपरे गेले, मग मुलांचे चेहरे, आणि सगळ्यात शेवटी अक्षरं. नोकरी सोडून घरी बसले त्याच्या दुसऱ्या सकाळी हे चहा घेऊन आले आणि मी न मागता पेपर उघडून वाचायला लागले. यांचा धानाचा व्यापार. आयुष्यात पावतीपेक्षा लांब मजकूर यांनी आपणहून वाचलेला मला ठाऊक नाही. तरी यांनी एकही सकाळ चुकवली नाही, हे मला कबूल करायलाच हवं. पण ते "बाकी सब तसंच आहे" ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

"तसंच कसं असेल? त्या माणसाने पुढे चार परिच्छेद काय उगाच लिहिले?"

"तेच तेच लिहून राहते तो. मी सांगतो न तुले, काही नाही त्यात."

ज्या बाईने जन्मभर पोरांना उतारा पूर्ण वाचायला लावला, तिच्या वाट्याला हे आलं. मला त्या वेळी डोळे गेल्यापेक्षा याचाच जास्त राग यायचा.

मग बोलणारा कॉम्प्युटर घरात आला. नागपूरचे एक गृहस्थ, स्वतः जन्मांध, फोनवरून शिकवायचे. पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचणारं एक सॉफ्टवेअर असतं, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला, आणि तेही फुकट. मोबाइलवरही ते चालतं, पण त्या गुळगुळीत काचेवर बोट फिरवत बसणं मला जमलं नाही. कीबोर्डच्या कळा मात्र बोटांना ओळखू येतात. पहिला अख्खा अग्रलेख मी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत ऐकला तो दिवस मला आठवतो. अग्रलेख भिकार होता. मी ओक्साबोक्शी रडले, आणि हे दुकानातून धावत आले.

डोळस माणसाला ब्राउझर म्हणजे एक खिडकी. आम्हाला ते पाठ केलेलं घर असतं. कोणती कळ दाबली की बातम्यांवर जाऊ, कोणती दाबली की मागे, पत्ता कुठे टाकायचा, सगळं बोटांत बसवावं लागतं. मी ते महिनाभर घोकलं. आणि घोकून झालं न झालं तोच ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि अर्ध्या गोष्टी जागच्या हलल्या. कुणीतरी न सांगता घरात शिरून कपाट सरकवून गेलं, असं झालं. आम्ही पुस्तकवाली माणसं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायला वर्षं लागतात, आणि निघाली तरी पहिली कुणी तुमच्या हातातून काढून घेत नाही. इथे दर महिन्याला नवी, आणि तीही आपोआप. कुणी मागितली होती यांना, असं मी त्या नागपूरच्या गृहस्थांना फोनवर विचारलं. ते नुसते हसले.

आमच्या यांनी मात्र माझी बाजू घेतली. "नवा तांदूळ चिकटच होते," हे म्हणाले. "वरीसभर ठेवा, मंग मोकळा शिजते. हे लोकं ठेवतच नाही न बापा, काढला का विकला." त्यानंतर अपडेटची सूचना ऐकू आली की हे दुकानातल्या गादीवरून उठून इंटरनेटची वायर उपसून ठेवायचे. तेवढ्यावर आम्ही बरेच दिवस काढले, आणि तीच आवृत्ती जुनी होऊन मला लाभली.

पण ब्राउझर म्हणजे तांदूळ नव्हे. ठेवून तो सुधारत नाही. एकेक दार बंद व्हायला लागलं. आधी बँकेचं पान उघडेना, मग रेल्वेचं, आणि एके दिवशी माझं वर्तमानपत्रच उघडेना. तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, असं त्या यंत्राने आपल्या सपाट आवाजात मला सांगितलं. वायर जोडली, देवाचं नाव घेतलं आणि नवी आवृत्ती घेतली.

वर्तमानपत्र उघडलं. मथळा वाचला. आणि पुढे यंत्र गप्प. खालची कळ दाबली, पुढच्या बातमीचा मथळा. परत गप्प. म्हणजे यांचाच रोग यंत्राला लागला होता. मी यांना बोलावलं आणि पडद्यावर खाली बातमी दिसते का ते बघायला सांगितलं.

"दिसते न. काळं काळं लिहून आहे."

"काय लिहिलंय?"

"लहान अक्षर आहे. कायले त्या डब्यात पाहून राहिली? पेपरातच वाचून देतो न मी."

नागपूरच्या गृहस्थांनी सांगितलं, मागे जाऊन बघा. एक पान आहे, तिथे या ब्राउझरच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या आहेत, पहिलीपासून. मी ते पान उघडलं आणि ऐकतच राहिले. आकडे, आकडे, आकडे, ओळीने, कुणी फेकलेली एकही नाही. शाळेच्या ग्रंथालयात मी जुन्या मासिकांचे गठ्ठे रद्दीत जाताना अडवायची आणि सगळे माझी चेष्टा करायचे. जगात कुठेतरी माझ्यासारखी माणसं आहेत, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं. त्यांतल्या काही आवृत्त्या मी उतरवून पाहिल्या. बातमी पूर्ण वाचतील त्यांत वर्तमानपत्र उघडेना, वर्तमानपत्र उघडेल त्या पुढे गप्प. अडकित्त्यात सापडल्यासारखी गत झाली.

म्हणजे पुन्हा सकाळचं वाचन यांच्याकडे. हिवाळा होता. थंडी वाजते म्हणून हे संध्याकाळी स्कूटरही काढेनासे झाले होते. हे हल्ली पेपर घेऊन ओसरीवरच्या उन्हात बसायचे आणि मला खुर्ची टाकायला लावायचे. पहिले काही दिवस "बाकी सब तसंच आहे" चाललं. एक दिवस माझा संयम सुटला. रागावले की माझी शाळेतली भाषा गळून पडते. "तुमाले दोन ओळीच्या पुढं वाचाले का होते? नसन वाचायचं तर ठेवा तो पेपर," असं मी म्हणाले. यांनी पेपरची घडी घातली.

दुसऱ्या दिवसापासून हे पूर्ण बातमी वाचायला लागले. अगदी शेवटपर्यंत, सावकाश. आणि काय बातम्या. एक तर माझ्या मनात घर करून राहिली. बोदलकशाच्या तलावावर एका म्हाताऱ्याच्या जाळ्यात मोठी मरळ लागली. त्याने तिला हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि पाण्यात सोडून दिली. बाकीचे कोळी त्याला हसले. म्हातारा म्हणाला, आज घरी खाणारं कोणी नाही, पोरगी आली का धरीन. मी यांना म्हणाले, या बातमीदाराला आता लिहिता यायला लागलं. "हो," हे म्हणाले, "बरा लिहते."

एवढं सुख असूनही मी स्वस्थ बसले नाही, स्वभाव. अंध माणसांच्या एका इंटरनेटवरच्या गटात मी तक्रार टाकली. सौम्य नव्हती. तिथल्या कुणीतरी मला खुद्द ब्राउझर बनवणाऱ्यांकडे लिहायची जागा दाखवली. माझ्या शाळेतल्या इंग्रजीत मी तिथेही लिहिलं, की तुम्ही दर महिन्याला घर रंगवता, पण रंगवताना माझं दार चुन्याने लिंपून टाकलंत.

मला वाटलं होतं, कुणी ढुंकून बघणार नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारी व्यक्ती कुठल्या देशातली, बाई की बुवा, मला आजही माहीत नाही. दाराबद्दल तिने माफी मागितली आणि विचारलं, कोणतं पान, कोणती कळ, नेमकं कुठे गप्प होतं. मी सांगितलं. मग अजून बाजारात न आलेली एक कच्ची आवृत्ती तिने पाठवली आणि म्हणाली, आम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे नीट झालं की नाही हे तुम्हीच सांगायचं. मी दळण बाजूला ठेवून ती तपासायची. एकदा मथळाही गेला. एकदा सगळी बातमी दोनदा वाचली. मी कळवायची, ते लोक परत हात घालायचे. तिरोड्यातल्या एका नोकरी सोडलेल्या बाईसाठी जगाच्या पाठीवर कुणीतरी आपलं काम बाजूला ठेवतं आहे, हा अनुभव मला कुठल्याही कचेरीत आला नव्हता. त्या माणसांचे उपकार मी कसे फेडणार? नवी आवृत्ती आली की मी आता वायरीला हात लावू देत नाही, एवढंच काय ते.

आणि एका सकाळी ती आवृत्ती सगळ्यांसाठी आली. सोबत काय काय बदललं त्याची टिपणं असतात. लांबलचक जंत्रीत तळाशी एक ओळ होती, की काही पानांवर मथळ्यापुढचा मजकूर वाचला जात नव्हता, तो आता वाचला जाईल. ती माझी ओळ. मी ती तीन वेळा ऐकली आणि वर्तमानपत्र उघडलं. मथळा. पुढची ओळ. त्यापुढची. यंत्र वाचत राहिलं.

तेव्हा मला सगळ्यात आधी ती बोदलकशाची बातमी परत ऐकावीशी वाटली. मागच्या तारखा काढल्या. मथळा सापडला, अगदी यांनी वाचला होता तोच. त्याखाली उन्हाळी धानासाठी तलावाचं पाणी कोणत्या गावाला कधी सुटणार, तेवढंच होतं. म्हातारा नव्हता, मरळ नव्हती. दुसरी तारीख काढली, तिसरी काढली. मोठे मथळे खरे. त्याखालचं सगळं यांच्या पदरचं.

आधी मी पोट धरून हसले. मग हसू जागच्या जागी थांबलं. ज्या माणसाला चार ओळी वाचायचा कंटाळा, तो रोज चाळीस ओळी रचायचे कष्ट का घेईल? आणि एकेक आठवायला लागलं. संध्याकाळी स्कूटर न काढणं. पडद्यावरचं काळं काळं. ओसरीवरचं ऊन. हे सगळं माझ्या कानांसमोर झालं होतं.

हे जेवायला आले तेव्हा मी यांच्या समोर हात धरला आणि किती बोटं आहेत ते विचारलं.

"काऊन?"

"सांगा."

यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "बोटं दिसते. अक्षर दिसत नाही."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. एका घरात दोघं कसे, म्हणून नाही सांगितलं. तू घाबरली असती."

मी घाबरलेच. यांचा हात घट्ट धरून बसले आणि ताट तसंच निवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गोंदियाला डॉक्टरकडे गेलो, एकमेकांना धरून. रिक्षावाल्याने विचारलं, आप दोनों में से किसको दिखाना है? डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकलाय, पण काढता येतो. काढता येतो, हे शब्द मी डोळ्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकत होते. मी दवाखान्यातच रडले आणि यांनी मला रुमाल दिला.

ऑपरेशननंतर हे डोळ्याला पट्टी लावून ओसरीवर पडून होते. सकाळी म्हणाले, "लाव तुझं यंत्र. पेपर ऐकू." मी ब्राउझर सुरू केला तर नवी आवृत्ती आलेली, उतरत होती. थोडं थांबा, असं यंत्र म्हणालं.

"होऊन राहिलं अपडेट," मी म्हणाले. "तोवर मी वाचते."

दारातला पेपर मी उचलला. सुलटा होता की उलटा, देव जाणे. घडी उघडली, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात मथळा वाचला, बोदलकशाच्या म्हाताऱ्याने पुन्हा टाकलं जाळं. हे हलले. मी पुढे वाचलं, की म्हाताऱ्याची पोरगी माहेरी आली, तो पहाटे डोंगा घेऊन निघाला आणि तीच मरळ आपणहून जवळ आली. एवढं झालं आणि मी कागद खाली केला.

"बाकी सब तसंच आहे."

"तसंच कसं?" हे म्हणाले. "पूर्ण वाच न."

मी पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले.