‘मार फॉरमॅट’ असं मी म्हणालो होतो

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. सकाळी फिरायला जातो, नातीला शाळेत सोडतो, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो. पण ती केस आठवली की गोळीचाही उपयोग होत नाही. राग त्या मॅनेजरचा येतो, त्या कॉम्प्युटरवाल्याचा येतो आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. दुपारी साजगावकडच्या एका कारखान्यातून फोन आला की आवारात माणूस मेला आहे. जीप काढून गेलो. चालू मशीनमध्ये सापडून एक कामगार गेला होता. कर्जतच्या बाजूच्या एका डोंगरवाडीतला ठाकर, वय पस्तिशीचं, रोजंदारीवर कामाला. मॅनेजरने मला केबिनमध्ये बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला आणि म्हणाला, “साहेब, याची आज सुट्टी होती. मागच्या भिंतीवरून भंगार चोरायला शिरला आणि मशीनमध्ये अडकला. यात कंपनीची काय चूक?”

तो चहा पीत पीत मी अकस्मात मृत्यूच्या कागदात लिहिलं, ‘चोरीच्या उद्देशाने आत शिरला असता’. मृताची बायको बाहेर उन्हात बसली होती. तिला मी एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्याच्या पायरीवर हजर. रडत नव्हती, चिडली होती.

“सायब, माझा माणूस चोर नाय. सकाळी भाकरी बांधून दिली मी त्याला. चोरी करायला कुनी डबा घेऊन जातं का? वाडीत लोकं बोलतात, पोलिसांनीच चोर लिवलंय. माझी पोरगी शाळंत कशी जाईल?”

तिला बाकी काही नको होतं. नवऱ्याच्या नावावरचा तो एक शब्द तेवढा काढून हवा होता.

डब्याचा मुद्दा मला बोचला. पंचनाम्याची तयारी करून, तिलाही जीपमध्ये घेऊन आम्ही पुन्हा कारखान्यात गेलो. गेटवर अंगठा लावायचं मशीन होतं, पण हजेरी साठायची ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. मॅनेजरने खांदे उडवले. “तो चार दिवसांपासून बंद आहे. डिफ्रॅग करताना लाईट गेली, तेव्हापासून चालूच होत नाही. अजून दुरुस्तीला कुणाला बोलावलेलं नाही.” बटण दाबून बघितलं. काळा पडदा आणि वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, बस्स.

आता माझी अक्कल ऐका. आमच्या ठाण्यातला कॉम्प्युटर महिन्यातून एकदा तरी आडवा व्हायचा. मग खोपोलीतला एक कॉम्प्युटरवाला यायचा, फुकटात काम करायचा आणि दर वेळी एकच औषध द्यायचा, “फॉरमॅट मारतो साहेब, अर्ध्या तासात चालू.” आम्हीही म्हणायचो, मार. महत्त्वाचे कागद आम्ही छापूनच ठेवायचो, त्यामुळे आत काय जातं याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. सवयीने मी त्यालाच बोलावलं. तो आला, खोका उघडला, फुंकर मारली आणि ठरलेलं वाक्य म्हणाला. मीही ठरलेलं उत्तर दिलं, “मार फॉरमॅट.”

पुरावा पुसून टाकायचा हुकूम, तोही तपास अधिकाऱ्याच्या तोंडून, दोन पंचांसमक्ष!

त्याने पेनड्राइव्ह खुपसला, तेवढ्यात हवालदार त्या बाईला जबाबासाठी आत घेऊन आला. ती दारातच थबकली. कॉम्प्युटरवाल्याकडे बोट करून म्हणाली, “ह्यो काल हितंच व्हता.”

“कोण, हा?”

“ह्योच. माझ्या माणसाला पोत्यावर निजवला व्हता, तवा ह्यो गाडीवरनं आला. माझ्या म्होरनं आत गेला. एकदा वळून बी बघितलं नाय ह्यानं.”

मॅनेजर तर म्हणत होता की कुणाला बोलावलेलंच नाही. मी ओरडलो, “हात काढ! पिन काढा त्याची!” माझा आवाज ऐकून पंचही उठून उभे राहिले. खोका जसा होता तसा कापडात बांधला, लाखेचं सील केलं आणि कॉम्प्युटरवाल्याला जीपमध्ये घातलं.

ठाण्यात आल्यावर तो दोन तास नुसता इंग्रजी शब्द फेकत होता. माझा अनुभव असा, की खरं बोलणारा माणूस आपल्या धंद्यातली गोष्ट अडाण्यालाही समजेल अशी सांगतो. खोटं बोलणारा शब्दांचा धूर करतो. माझा हात दोनदा उचलला गेला, दोनदा मी तो खाली घेतला. शेवटी म्हणालो, “डिफ्रॅग म्हणजे काय, ते मला सोप्या भाषेत सांग.”

“आवराआवर असते, साहेब. फायलींचे तुकडे डिस्कवर इकडेतिकडे पडलेले असतात. ते उचलून एका जागी लावायचे. मशीन जरा जोरात चालतं.”

“आणि एखादी नोंद आधी पुसली असेल तर?”

  आता त्याचे इंग्रजी शब्द संपले. खाली बघत म्हणाला, “पुसलेली नोंद लगेच जात नाही. तिच्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की मग जाते.”

पुढचं आपोआप बाहेर आलं. त्या दिवसाची हजेरी मॅनेजरने याच्याकडून पुसून घेतली आणि ती परत सापडू नये म्हणून वरून डिफ्रॅग लावायला सांगितलं. मशीन जुनं, काम गोगलगाईच्या चालीने चाललेलं. तेवढ्यात आमची जीप गेटवर दिसली. घाबरून मॅनेजरने भिंतीतली पिनच उपटली आणि कॉम्प्युटर कायमचा बसला.

“मग आज फॉरमॅट कशाला मारत होतास?”

“तुम्हीच म्हणालात ना साहेब, मार.”

या उत्तराने मला जेवढं लागलं, तेवढं आख्ख्या नोकरीत कुठल्या वरिष्ठाच्या शिवीने लागलं नव्हतं.

आता सगळं अडलं होतं ते त्या बंद खोक्यापाशी. मी हताश होऊन बसलो होतो. आमच्याकडे मुद्देमालाची खोली सांभाळणाऱ्या एक महिला हवालदार होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, कुलूप बिघडलं म्हणून आतलं सामान थोडंच जातं? मी सील कुणाला फोडू देणार नाही. तुम्ही पत्र तयार करा.” दुसऱ्याच दिवशी खोका न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे रवाना झाला.

तिथल्या तज्ज्ञांनी तो चालू करायचा प्रयत्नही केला नाही. डिस्क बाहेर काढली, तिच्यावर काहीही नवीन लिहिलं जाणार नाही अशा पद्धतीने दुसऱ्या मशीनला जोडली, आधी जशीच्या तशी नक्कल घेतली आणि काम त्या नकलेवर केलं. मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा चुराडा झाला होता. पण पुसलेली हजेरी जागेवरच होती, आवराआवर तिथपर्यंत पोचलीच नव्हती. मृताचा सकाळचा आत येतानाचा अंगठा सापडला. बाहेर जातानाचा नव्हता.

मी दोघांवर गुन्हा दाखल केला, पुरावा नष्ट केल्याचं कलमही लावलं. मॅनेजर जामिनावर सुटला आणि कोर्टात मला नमस्कार करून गेला. अजून हात शिवशिवतात.

या केसने मला एक शिकवलं. पहिला कागद लिहिताना कुणाच्या पंख्याखाली बसायचं नाही. त्यानंतर मी ज्याचं माणूस गेलंय त्याच्याजवळ आधी जायचो, केबिनमध्ये नंतर. पण ते शिकायला त्या बाईचा नवरा चोर ठरावा लागला, ही लाज काही जात नाही.

‘चोरी’ हा शब्द काढून मी मृत्यूचा नवा अहवाल लिहिला आणि तो वाचून दाखवायला तिला बोलावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कागदाचं आमाला काय कळतंय, सायब? वाडीत येऊन बोला.”

वरिष्ठ म्हणाले, गणवेशात असलं काही करू नका. मी गणवेशातच गेलो. वाडीतली माणसं अंगणात जमली, तिची मुलगी आईला चिकटून उभी होती. मी मोठ्याने सांगितलं, “हा माणूस चोर नव्हता. कामावर होता. चोर म्हणून मी लिहिलं, ते खोटं होतं.”

 मृताचा म्हातारा चुलता काठी टेकत पुढे आला.

“आमाला तर ठाव व्हतं, सायब,” तो म्हणाला. “पन तुमी इचारलंत कवा?”