चाक नसलेलं शिवणयंत्र

मध्य आफ्रिकेत शांतिसेनेच्या ड्यूटीवर आमची पलटण बारा महिने होती. माझा हुद्दा हवालदार, नेमणूक टेकडीवरच्या पोस्टवर, रेडिओवर. सकाळी पाच ते अकरा नेट, म्हणजे पलटणीचं रेडिओ-जाळं, सांभाळायचं आणि जे कळेल ते वेळेसह लॉगमध्ये लिहायचं. सकाळी दरी धुक्यानं भरलेली असे. वरून पांढरं पाणी साचल्यासारखं दिसे. आमचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, त्यात उतरलं की माणसं नाहीशी होत, आवाज तेवढे उरत.

म्हणून ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे त्याचं चित्र माझ्याकडे नाही. आवाज आहे.

पेट्रोल कमांडर नाईक जगदाळे, कोरेगावचा. सोबत नऊ जवान. ०५४० ला तो नेटवर आला. ‘चार’ हे त्याचं रेडिओवरचं नाव.

"पोस्ट, मी चार. धुकं लई. माझाच हात मला ओळख देईना. ओव्हर."

"चार, कामाचं बोल. ओव्हर."

०५५८. "धुकं फाटलं जरा. माणसं दिसत्यात. रांगेनं. कंबरेला दोरी, डोक्यावर ओझी. चौदा. बंदूकवाले पुढं दोन, मागं तीन. ओव्हर."

त्या भागातली सशस्त्र टोळी गाव लुटायची आणि लुटीचा माल त्याच गावच्या माणसांकडून जंगलात वाहून न्यायची. वाटेत जो बसला तो परत येत नसे.

"पोस्ट, मी चार. शेवटून दुसऱ्या बाईच्या डोक्यावर शिवणयंत्र हाय. चाक न्हाई त्याला. आमच्या आक्काकडं हाय तसलंच. ओव्हर."

"चार, नेट साफ ठेव. आउट."

लॉगमध्ये मी लिहिलं: चौदा ओझेकरी, पाच हत्यारबंद. शिवणयंत्र लिहिलं नाही. लष्करी उपयोगाची माहिती नव्हती.

०६१२ ला गोळीबार सुरू झाला. ०६१५ ला जगदाळे धापा टाकत बोलला. "दोरी कापली. पळत्यात. चौदाच्या चौदा."

"रॉजर," मी म्हणालो.

त्यानंतर त्याला नऊ हाका दिल्या. लॉगमध्ये नऊही वेळा आहेत. उत्तर एकही नाही. धुकं उठल्यावर जवानांनी त्याचा मृतदेह वर आणला. सुटलेली माणसं धुक्यात पांगली. त्यांची नावं कोणी लिहून घेतली नाहीत.

सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता अमेरिकेत, अटलांटाशेजारच्या अल्फारेटाला मुलीकडे राहतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या पलटणीच्या जुन्या सीओसाहेबांची ईमेल आली. एस्पेरांस नावाची एक निर्वासित बाई अटलांटाजवळ राहते, कपडे अल्टर करण्याच्या दुकानात काम करते. युद्धात सक्तीनं राबवलेल्या लोकांच्या भरपाई निधीकडे तिनं अर्ज केला आहे. ती त्या रांगेत होती, असं सांगणारा एक तरी बाहेरचा साक्षीदार निधीला हवा आहे. उरलेले तेरा जण सापडले नाहीत, पेट्रोलमधल्या जवानांना चेहरे आठवत नाहीत. शेवटची सुनावणी आहे, त्यानंतर अर्ज बंद. त्या दिवशी रेडिओवर तू होतास ना?

सुनावणी लायब्ररीतल्या एका छोट्या खोलीत होती. सकाळी निघालो तेव्हा सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, तळ्यावर धुकं होतं. घरं अर्धी दिसत होती. मी बराच वेळ तिकडेच पाहत होतो.

"बाबा, पाहिलं म्हणा ना तिला," मुलगी म्हणाली. "कोण चेक करणार आहे, यार?"

"मी."

"ओके, सुभेदारसाहेब. मग सीटबेल्ट लावा."

एस्पेरांसला दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. आमची भेट आधी होऊ द्यायची नाही असा नियम होता. माझ्या शेजारी तिच्या वकीलबाई, समोर स्क्रीनवर निधीचे अधिकारी.

"तुम्ही अर्जदाराला त्या दिवशी पाहिलं होतं?"

"नाही, सर."

वकीलबाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

"लॉगमध्ये तिचा उल्लेख?"

"नाही. पण एक गोष्ट मी ऐकली आणि लिहिली नाही." मी संदेश जसा आला तसा सांगितला. वेळ, रांगेतली जागा, यंत्र, नसलेलं चाक. आक्कासुद्धा.

अधिकाऱ्यांनी बरीच पानं उलटली. मग तिचा मूळ अर्ज वाचून दाखवला. तिचेच शब्द: माझं स्वतःचं शिवणयंत्र माझ्याच डोक्यावर दिलं. चाक काढून पुढच्या माणसाच्या पोत्यात टाकलं. माझ्या मागे एक म्हातारा होता. त्याच्या मागे फक्त बंदूकवाले.

अधिकारी म्हणाले, "हे ज्यानं पाहिलं त्याचं नाव सांगा." मी सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं, तेही सांगितलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती उभी होती. उंच, केस पांढरे व्हायला लागलेले, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली.

"तुम्ही त्याच्यासोबत होता?"

"रेडिओवर."

"त्यानं खुणा केल्या, यंत्र टाक म्हणून. मी टाकलं नाही. यंत्र घेऊन पळाले. तो माझ्यावर ओरडला, आणि मग हसला." तिनं गळ्यातली टेप काढून हातात घेतली. "त्याच्या घरी कोण आहे?"

"मोठी बहीण. ती पण शिवणकाम करते."

तिनं पत्ता मागितला. मी लिहून दिला.

एप्रिलमध्ये वकीलबाईंचा फोन आला. अर्ज मंजूर.

त्या दिवशी मी डायरीत एक ओळ लिहिली. लॉगच्या पद्धतीनं, बऱ्याच वर्षांच्या उशिरानं.

०५५८. शेवटून दुसरी, बाई. शिवणयंत्र, चाक नाही. कळवणारा: नाईक जगदाळे. पोच: रॉजर.