आबांचं पिनबॉल आणि माझा पोपटी रंग

सांगायला लाज वाटते, पण चहा तुमचा पितोय म्हणून सांगतो. चोपड्यात माझं रंगाचं दुकान आहे आणि एका चांगल्या यंत्राचं मी स्वतःच्या हातानं वाटोळं केलंय. तेही फुकटात, दुकानातलाच रंग वापरून.

आमच्या गल्लीत आबा राहतात. तरुणपणी जत्रांमधून खेळांचे स्टॉल लावायचे. मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून त्यांनी एक पिनबॉल आणलं होतं. म्हणजे उतरतं टेबल, आत लोखंडी गोळी. बाजूची बटणं दाबली की दोन छोटे दांडे फटकन उडतात आणि गोळी परत वर जाते. घंटी वाजते, आकड्यांच्या चकत्या फिरतात. मागे उभी काच, तिच्यावर घोड्याच्या पाठीवर उभी राहिलेली सर्कशीतली बाई. आबांचा त्यात जीव. पण त्यांच्या मुलाला, सुभाषभाऊला, ती खोली कापूस भरायला हवी होती. वेचणीआधी गिऱ्हाईक मिळालं नाही तर यंत्र भंगारात, असं त्यानं सांगून टाकलं.

आबांनी मला गळ घातली. मी मोबाइलवरून जुन्या वस्तू विकायच्या साइटवर फोटो टाकला आणि तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका गृहस्थांचा फोन. हे लोक असली यंत्रं जमवतात म्हणे! आपण ज्याला अडगळ म्हणतो, त्याला हे दिवाणखान्यात ठेवून पुसत बसतात. कामधंदे नसतात का यांना?

प्रश्न तरी किती! काचेवरच्या चित्राचे पोपडे निघालेत का? चकत्या मूळच्याच आहेत का? लाकडावरचा रंग पहिलाच ना? स्थळ बघायला आलेले लोकही मुलीबद्दल इतकं विचारत नाहीत. शेवटी म्हणाले, "कृपा करून काही साफ करू नका. आहे तसंच राहू द्या."

इथे माझं व्यापारी डोकं चाललं. अरे वा! मळकट बघायचं आणि भाव पाडायचा? आम्ही खानदेशातली माणसं. बैल बाजारात न्यायचा तर अंघोळ घालून, शिंगं रंगवून नेतो. गिऱ्हाईक म्हणतं म्हणून शेणानं माखलेला बैल कुणी नेतं का? आबांना म्हटलं, तुम्ही निवांत राहा, मी बघतो. आबांनी माझ्यावर विश्वास टाकला. त्या माणसाचं एवढं एकच चुकलं.

लाकडावर फिकट तांबड्या चांदण्या होत्या. त्यांच्यावर चकचकीत पोपटी ऑइल पेंटचे दोन हात मारले. मग काच काढली. पुढून पुसली, मागून थिनरचा बोळा फिरवला. आता मला काय माहीत, चित्र काचेच्या मागच्या बाजूनंच छापलेलं असतं! आधी बाईचं नाक गेलं. मी घाईघाईनं आणखी पुसलं, तर घोडासुद्धा गेला. पाच मिनिटांत सगळी सर्कस माझ्या फडक्यावर.

माणसानं इथे तरी थांबावं. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. त्याला बाई काही जमेना. मग त्यानं हात बसलेलं तेच काढलं: दोन मोर, मध्ये कमळ आणि वर 'आईचा आशीर्वाद'.

पुण्याचे पाहुणे आले ते बॅटरी आणि भिंग घेऊन. यंत्रावर पुढून आणि बाजूंनी मी चादर टाकून ठेवली होती. आधी त्यांनी मागचं झाकण उघडून आत पाहिलं. तारा, चकत्या, घंटी सगळं मूळचं. माणूस हरखून गेला. म्हणाला, यंत्रं पुष्कळ सापडतात, पण चित्र शाबूत असलेली काच शोधता शोधता माणूस म्हातारा होतो. निम्मी किंमत त्या काचेचीच. आबा कोपऱ्यात खुर्चीवर बसून हसत होते.

मी चादर ओढली.

पाहुण्यांनी वाकून काच हुंगली; थिनरचा वास अजून येत होता. मग हळूच विचारलं, "हे कुणी केलं?"

मी तोंड वर करून म्हणालो, "आधीच्या मालकानं केलं असेल. जुनं काम दिसतंय."

आबा खुर्चीतूनच बोलले, "आरे भाऊ, तुनं नाव लिखेल शे ना वर."

होतं. कमळाखाली, पिवळ्या अक्षरांत, दुकानाच्या नावासकट आणि मोबाइल नंबरासकट. पेंटरला मीच सांगितलं होतं, जागा शिल्लक आहे तर टाकून दे.

पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही. एक फोटो तेवढा काढला आणि निघाले. सुभाषभाऊ टेम्पोवाल्याला फोन लावू लागला. आबांचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आबा मुलाला म्हणाले, "भंगारमा नको देऊ. याना घर लई जा. यानीच रंगाडं."

तेव्हापासून ते धूड माझ्या बैठकीत आहे. आबा रोज चार वाजता खेळायला येतात, माझ्याशी बोलत नाहीत, बायकोच्या हातचा चहा घेतात आणि जातात.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून एक फोन आला. आवाज फार अदबीचा. पाहुण्यांनी काढलेल्या त्या फोटोवरून नंबर मिळाला म्हणे. विचारलं, काच पुसायला तुम्ही कुठलं थिनर वापरलं होतं? मी खूश झालो. कंपनी सांगितली, डब्याचा भाव सांगितला, वर म्हटलं, किती डबे पाठवू?

"पाठवू नका," तो म्हणाला. "आम्ही संग्राहक मंडळींनी एक यादी केली आहे, घरात काय येऊ द्यायचं नाही याची. थिनरचं नाव तेवढं राहिलं होतं. तुमचं नाव पहिलंच आहे."