गेटवरच्या फळ्याची दुरुस्ती

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक काळा फळा आहे. एरवी त्यावर पाणी कधी येणार नाही ते लिहिलेलं असतं. परवा सकाळी सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘तिसऱ्या मजल्यावरील प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांचे लाडके श्री. सबनीस यांचे दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा अकरा वाजता.’

मी लेखन शिकवतो. शब्द काढून बघा, वाक्य अडलं नाही तर तो नकोच होता, हे वर्गात रोज सांगतो. गेल्या वर्षी एका मुलीने आईवर लिहिलेल्या चार पानांचं मी एक पान केलं. ती रडली. पान मात्र चांगलं झालं.

जिवंतपणी ज्याच्याकडे लिफ्टमध्ये कुणी हसून बघत नाही, त्याच्यावर मेल्यावर एवढी विशेषणं कशाला ओतायची? माझं बोट आपोआप फळ्याकडे गेलं. ‘प्रेमळ’ गेलं, ‘मनमिळाऊ’ गेलं, ‘सर्वांचे लाडके’ही गेलं. ‘दुःखद’ तेवढं ठेवलं; इतकी माणुसकी माझ्यात आहे.

वळलो तर मागे सबनीसबाई. शववाहिनी आली का ते बघायला खाली आल्या असाव्यात. मी खडूने माखलेलं बोट मुठीत लपवलं. पुसलेली अक्षरं अजून पुसट दिसत होती. त्यांनी ती सावकाश वाचली.

“‘प्रेमळ’ पुसलंत ते बरं केलंत, सर,” त्या म्हणाल्या. मग पदराच्या टोकाने त्यांनी ‘दुःखद’ पुसलं आणि जिना चढून गेल्या.

फळ्यावर मजला, नाव, निधन आणि वेळ एवढंच उरलं. आता एकही शब्द काढता येत नव्हता.